रासायनिक शस्त्रबंदीचे तपासनीस आमच्या कारखान्यात येऊन गेले. अशा तपासण्यांनी खरंच काही साधतं का?

जगबुडीकाठची | सोमवार, रात्री ९:४०

मी लोटे-परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नेदरलँड्समधल्या हेगहून पाहुणे आले होते. ओपीसीडब्ल्यू, म्हणजे रासायनिक शस्त्रबंदी संघटनेचे तपासनीस. आमच्या प्रकारच्या कारखान्याला १२० तासांची सूचना मिळते, म्हणजे जेमतेम पाच दिवस.

गावात लगेच बोभाटा झाला की कंपनीवर धाड पडली, आत बॉम्ब सापडला. सासूबाईंनी जेवताना विचारलं, "काय गो, तुम्ही तिथे विषारी वायू करता काय?"

तसं काही नाही. रंग आणि औषधं बनवणाऱ्यांना लागणारं मधलं रसायन आम्ही करतो. पण रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार वर्षाला २०० टनांहून जास्त सेंद्रिय रसायन बनवणाऱ्या कारखान्याची नोंद सरकारमार्फत हेगला जाते, आणि तिथून कोणाचंही नाव निघू शकतं. या वेळी आमचं निघालं.

तिघं जण होते, सोबत दिल्लीचे अधिकारी. त्यातल्या एक बाई रिअ‍ॅक्टरपाशी थांबल्या. त्याला आतून काचेचं अस्तर आहे. ते का, म्हणून त्यांनी विचारलं. आमचा ऑपरेटर घाणेखुंटचा, वीस वर्षं त्याच प्लांटवर. तो मराठीतच म्हणाला, "ह्यातनं आम्लाची वाफ निघते. साधं लोखंड ठेवलं तर महिन्यात चाळण होईल." मी भाषांतर केलं. मग त्यांनी दोन वर्षांपूर्वीच्या हाताने लिहिलेल्या लॉगशीट मागितल्या. शेरे सगळे मराठीत: "व्हॉल्व्ह गळतो, पाना मारला." "लाइट गेली, बॅच दोन तास थांबली." बाईंनी एकेक शेरा माझ्याकडून वाचून घेतला, आणि त्या दिवशीचा कच्च्या मालाचा आकडा गोदामाच्या वहीशी ताडून पाहिला.

दिवसभरात काम आटोपून मंडळी गेली. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. सिरियानेही या करारावर सही केली होती, आणि त्यानंतरही तिथे क्लोरीनची पिंपं लोकांच्या घरांवर पडली. मग आमच्या लॉगशीट वाचून काय साधलं? जाणकारांनी कृपया लिहावं.

चाकरमानी_डोंबिवली | सोमवार, रात्री ९:५२

सगळ्यात आधी एक सांगा ताई, पाहुण्यांना सोलकढी दिलीत की नाही?

जगबुडीकाठची | सोमवार, रात्री १०:०५

दिली की! दोघांनी परत मागून घेतली. तिसऱ्याने आधी "हा गुलाबी रंग कशाचा?" म्हणून विचारलं, तेव्हा आमसुलं दाखवावी लागली.

जुनी_पानं | सोमवार, रात्री १०:४८

धागा चांगला आहे, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

विषारी वायू सोडणारे तोफगोळे वापरायचे नाहीत, असं १८९९ साली हेगलाच ठरलं होतं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी गोळे वापरलेच नाहीत. खंदकात हजारो नळकांडी मांडली, वारा अनुकूल होईपर्यंत वाट पाहिली आणि क्लोरीन सोडून दिला. शब्द पाळला आणि माणसं मारली. यामागचा शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत त्याचीच, जिच्यावर आजचं रासायनिक खत उभं आहे. त्याच शोधासाठी त्याला १९१८ चं नोबेल मिळालं. त्याची बायको क्लारा स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. ईप्रनंतर दहाच दिवसांनी तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्या युद्धात वायूने सुमारे ९० हजार माणसं मेली, आणि जखमी झाले दहा लाखांच्या वर. १९२५ चा जिनिव्हा करार त्यातून आला. त्याने वापरावर बंदी घातली, पण बनवायला आणि साठवायला मोकळीक राहिली. शिवाय कोण काय बनवतं ते बघायला कोणी जायचंच नाही. तुमच्या कारखान्यात आलेल्या बाई हीच उणीव भरून काढत होत्या.

सह्याद्रीचा_वारा | सोमवार, रात्री ११:१५

ईप्रला आपली माणसंही होती. आमच्या घरात सांगतात की खापरपणजोबा तिथल्या गॅसमध्ये सापडले होते. मराठा पलटणीत होते.

जुनी_पानं | सोमवार, रात्री ११:३१

@सह्याद्रीचा_वारा, घरची आठवण मोलाची आहे, पण एकदा कागद तपासा. मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये होत्या. ईप्रला लाहोर डिव्हिजन होती: शीख, पठाण, गुरखा. मात्र तिच्याबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपन्या होत्या आणि सॅपर्समध्ये मराठी माणसं असत. खापरपणजोबा त्यांत असतील तर गोष्ट जुळते. २६ एप्रिलला हे लोक हल्ल्यात उतरले तेव्हा धड मास्कही नव्हते, नाकातोंडावर ओलं फडकं एवढंच. वायूने कोंडत असतानाही जखमींना उचलून आणणाऱ्या जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सह्याद्रीचा_वारा | मंगळवार, सकाळी ७:१०

काकांना विचारलं. पदकाच्या कडेवर "एस अँड एम" असं कोरलंय म्हणतात. म्हणजे सॅपर्स! धन्यवाद. इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो.

कलमबाग | मंगळवार, सकाळी ८:२०

देवगडला माझी हापूसची बाग आहे. मोहोरावर तुडतुडा आला की फवारणीवाचून गत्यंतर नाही. आपली कीटकनाशकं आणि हे लढाईतले वायू एकाच कुळातले, असं ऐकलं. खरं का?

तळकोकणातला_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:०५

@कलमबाग, अगदी खरं आहे. गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनज्ञ १९३६ मध्ये पिकावरची कीड मारणारं औषध शोधत होता. फॉस्फरसची संयुगं तपासता तपासता त्याला टाबुन सापडलं. १९३८ मध्ये सारीन. कीड मारायला निघाला आणि माणसं मारणारं हाती लागलं. तुमच्या फवारणीतलं क्लोरपायरीफॉस त्याच मोठ्या कुटुंबातलं, पण कितीतरी पट सौम्य.

दोन्हींचं शरीरातलं काम एकच. मज्जातंतूने स्नायूला "आवळ" असा निरोप दिला की तो निरोप लगेच पुसून टाकणारं एक विकर असतं. ही विषं त्या विकराला कुलूप घालतात. निरोप पुसलाच जात नाही, शरीर आवळत राहतं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो तेव्हा एका संध्याकाळी बागेतल्या नेपाळी गड्याला टेम्पोत घालून आणलं. वाऱ्याच्या उलट दिशेने दिवसभर फवारत होता, अंगातला सदरा औषधाने भिजलेला. तोंडातून फेस, कपड्यात मलमूत्र, छातीत घरघर. टॉर्च मारला तर बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. आधी सदरा कापून काढला, साबणाने अंग धुतलं आणि अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. छाती सुकेपर्यंत देत राहायचं असतं. केंद्रातल्या कुप्या रात्री संपल्या. कंपाउंडर मोटरसायकलवर शेजारच्या गावातलं मेडिकल उघडायला लावून आणखी घेऊन आला. गडी वाचला. पुढच्या मोसमात तो फवारणी सोडून नुसती राखण करायला आला.

१९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सारीन सोडलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हेच अ‍ॅट्रोपिन दिलं. हजारो माणसं एकाच सकाळी इस्पितळांच्या दारात. मला त्या एका गड्यासाठी रात्रभर कुप्या पुरल्या नव्हत्या. म्हणून ताई, तुमच्या पाहुण्यांबद्दल मला आदरच वाटतो.

कलमबाग | मंगळवार, दुपारी ३:४०

डॉक्टर, वाचून हात थांबले. उद्याच गड्यांसाठी हातमोजे, मास्क आणि दोन-दोन जादा सदरे आणतो. वारा पडल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, हेही सांगतो.

मालवणी_मिरची | मंगळवार, संध्याकाळी ६:१२

मस्टर्ड गॅस म्हणजे मोहरीपासून करतत काय? आमच्या आयेक फोडणी करूची भीती वाटाक लागली.

तळकोकणातला_डॉक्टर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

@मालवणी_मिरची, आयेक सांगा, निर्धास्त फोडणी कर. मोहरीचा काही संबंध नाही. अशुद्ध मालाला मोहरी-लसणासारखा वास येतो म्हणून ते नाव पडलं. खरं तर तो वायूही नव्हे, तेलकट द्रव आहे. लागला तेव्हा काही कळत नाही. काही तासांनी डोळे सुजतात, कातडीवर टरारून फोड येतात. त्यावर उतारा नाही.

डोलकाठी | मंगळवार, रात्री ९:००

मी रत्नागिरीचा, पस्तीस वर्षं बोटीवर काढली. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

बाल्टिक समुद्रात बॉर्नहोम बेटाजवळच्या नकाशावर इशारा छापलेला असतो, इथे नांगर टाकू नका, जाळं ओढू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांचा हजारो टन रासायनिक दारूगोळा तिथे समुद्रात बुडवला. थंड पाण्यात मस्टर्ड गोठतं, वर साय धरते आणि आतला गोळा वर्षानुवर्षं तसाच राहतो. डॅनिश मच्छीमारांच्या जाळ्यात मातीच्या ढेकळासारखं काहीतरी येतं, हाताने उचललं की फोड. आणि १९८५ पूर्वी समुद्रात बुडवलेला माल वर काढून नष्ट करण्याची सक्ती आजचा करारही करत नाही.

दुसरी गोष्ट बंदर अब्बासची. आमचा तिथला एजंट दर दोन वाक्यांमागे खोकायचा. मी विडी कमी ओढ म्हणालो, तर म्हणाला, मी आयुष्यात ओढलेली नाही. इराण-इराक युद्धात आघाडीवर होता, मस्टर्डमध्ये सापडला. शर्टाची कॉलर खाली ओढून त्याने मानेवरची कातडी दाखवली. भाजलेल्या पापडासारखी. युद्ध संपून तेव्हा वीस वर्षं झाली होती. इराकने १९२५ च्या करारावर सही केलेली होती बरं का. तरी १९८७ मध्ये इराणच्या सरदश्त शहरावर आणि १९८८ च्या मार्चमध्ये स्वतःच्याच देशातल्या हलब्जावर हे टाकलं. हलब्जात एका दिवसात सुमारे पाच हजार माणसं गेली, बहुतेक कुर्द.

जुनी_पानं | मंगळवार, रात्री ९:४४

आणि ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हलब्जापाशीच आहे. इराकने मस्टर्डचा कच्चा माल कुठून आणला? उघड बाजारातून, परदेशी व्यापाऱ्यांकडून. त्यातलं एक रसायन थायोडायग्लायकॉल, शाई आणि कापडरंगाच्या धंद्यात रोज वापरलं जाणारं. इतका माल कशाला, म्हणून कोणी विचारलं नाही. फ्रान्स व्हान अ‍ॅनराट या डच व्यापाऱ्याने असाच माल पुरवला. २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्याला मदत केल्याबद्दल शिक्षा ठोठावली. हलब्जानंतर सतरा वर्षांनी.

आज तेच रसायन करारातल्या नियंत्रित रसायनांच्या दुसऱ्या यादीत आहे. त्या यादीतला माल करारात नसलेल्या देशाला विकताच येत नाही. गोदामाची वही आणि लॉगशीट ताडून पाहायला कोणीतरी येणार हे विक्रेत्याला ठाऊक असतं.

खाडीतला | बुधवार, सकाळी ६:३५

मी दाभोळ खाडीतला. सगळं वाचलं, शिकण्यासारखं आहे. पण एक सांगा ताई, त्या बाईंनी खाडी बघितली काय?

माझे वडील ह्या खाडीवर सात माणसांचं घर चालवत होते. बोय, खेकडे, तिसऱ्या, कालवं. आता पाणी कधी तांबूस येतं, कधी काळं, वर फेस. बोय पोट वर करून तरंगतात. मग नमुने घ्यायला माणसं येतात ती चार दिवसांनी, तोवर भरती-ओहोटीने सगळं धुतलेलं. अहवालात काही येत नाही. हेगवरून पाच दिवसांत माणूस येतो आणि वीस-पंचवीस मैलांवरचा साहेब येत नाही. ह्याला रासायनिक हल्ला म्हणायचं नाही काय?

चाकरमानी_डोंबिवली | बुधवार, सकाळी ८:०२

दादा, आता थट्टा सुचत नाही. माझं आजोळ खाडीवरच. लहानपणी कालवं फोडून बोटं कापली जायची. मे महिन्यात मुलांना घेऊन गेलो, तर मामा म्हणाला पाण्यात उतरवू नको.

पागोळी | बुधवार, सकाळी १०:३०

मी गुहागरला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. @खाडीतला, तुमचा संताप रास्त आहे, पण करार हेतू बघतो. क्लोरीन घ्या. नळपाणी योजनेच्या टाकीत तो पडला नाही तर गावात कावीळ होईल. तो कराराच्या कुठल्याच यादीत नाही. पण माणसं गुदमरवायला वापरलात की त्याच क्षणी रासायनिक शस्त्र. कोयता नारळ सोलतो आणि मानही कापतो, म्हणून गुन्हा कोयत्यावर ठरत नाही. खाडी घाण करणं हा गुन्हाच आहे, पण तो आपल्या देशातल्या प्रदूषणाच्या कायद्याखाली.

मुलांना मी आणखी एक सांगते. कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक यादीत सारीन आणि मस्टर्डच्या शेजारी सॅक्सिटॉक्सिन आहे. हे विष समुद्रातले सूक्ष्म जीव करतात आणि शिंपल्यांत साठतं. ऐंशीच्या दशकात मंगळूरजवळ शिंपले खाऊन विषबाधा झाली ती यानेच. आणि रायसिन, परसातल्या एरंडाच्या बीतलं.

खाडीतला | बुधवार, दुपारी १:१५

बाई, कोयत्याचं पटलं. पण मान कापली गेली ती गेलीच ना. हेतू नव्हता म्हणून बोय जिवंत होत नाहीत.

पागोळी | बुधवार, दुपारी १:४०

यावर माझ्याकडे उत्तर नाही, दादा.

निवृत्त_सुभेदार | बुधवार, रात्री ८:२५

दापोलीहून लिहितोय. नोकरीत असताना रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं प्रशिक्षण घेतलं. बंद खोलीत अश्रुधूर सोडायचे, आत मास्क काढायला लावायचे. नाक, डोळे, घसा, सगळं पेटतं. नुसत्या अश्रुधुराने ही गत. आणि तोच अश्रुधूर पोलिसांना जमाव पांगवायला चालतो, युद्धात लढण्यासाठी वापरायला मात्र करारात बंदी आहे. कारण समोरच्याला तो कुठला धूर ते कळत नाही, तो घाबरून त्याहून वाईट काहीतरी सोडू शकतो.

आपल्या देशाचंही लिहायला हवं. १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून जाहीर केलं की आम्ही ही शस्त्रं बाळगणार नाही. १९९३ च्या जानेवारीत आपण नव्या करारावर सही केली. एप्रिल १९९७ मध्ये तो लागू झाला आणि त्याच जूनमध्ये आपण १,०४४ टन मस्टर्ड असल्याचं हेगला कळवलं. ऐकून आम्हा जवानांनाही धक्का बसला होता. पण कबूल केलं, तपासनीसांच्या डोळ्यांदेखत नष्ट केलं आणि मार्च २००९ मध्ये मुदतीच्या आत संपवलं. रशियाला २०१७ आणि अमेरिकेला २०२३ उजाडलं. मला याचा अभिमान आहे. लपवलेलं कबूल करायला छाती लागते.

सह्याद्रीचा_वारा | बुधवार, रात्री ९:१०

सुभेदारसाहेब, अभिमान ठीक, पण आधी लपवलं होतं हेही तितकंच खरं. आणि मोठे देश आजही मनाला येईल ते करतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत नोव्हिचोक हे सारीनसारखंच मज्जातंतूंवरचं विष वापरलं. अत्तराच्या बाटलीतून ते एका बाईच्या हाती लागलं आणि तिचा बळी गेला. तपासनीसांनी कोणाचं काय वाकडं केलं?

डोलकाठी | बुधवार, रात्री १०:०५

@सह्याद्रीचा_वारा, निदान एवढं केलं: कुठलं विष होतं याच्या ब्रिटनच्या निष्कर्षाला ओपीसीडब्ल्यूने नेमलेल्या प्रयोगशाळांनी दुजोरा दिला, आणि पुढच्या वर्षी ते कुळ पहिल्या यादीत घातलं. सिरियाचंही पूर्ण सांगायला हवं. २०१३ मध्ये घूटात सारीनने शेकडो माणसं मेली. मग सिरियाला करारात यावं लागलं. लताकिया बंदरातून माल डॅनिश आणि नॉर्वेजियन बोटींनी बाहेर काढला. सुमारे ६०० टन सगळ्यात घातक माल 'केप रे' या अमेरिकन बोटीवर चढवून भूमध्य समुद्रातच निकामी केला, एक थेंब समुद्रात न टाकता. आम्ही बोटीवरचे लोक तेव्हा रोज त्याची बातमी शोधायचो. भर समुद्रात हलत्या डेकवर असलं रसायन हाताळणं म्हणजे काय, ते आम्हाला कळतं.

त्यांनी सगळं दाखवलं नाही, काही लपवलं, आणि क्लोरीन तर यादीत नव्हताच, हे मान्य. पण ते ६०० टन तिथेच राहिले असते तर?

जुनी_पानं | बुधवार, रात्री १०:४०

त्यात भर. एका देशाला दुसऱ्यावर संशय आला तर अचानक तपासणी मागण्याची सोय करारात आहे. आजवर एकाही देशाने ती मागितलेली नाही. हत्यार म्यानात गंजतंय, कारण उद्या आपल्या दारात येतील ही भीती प्रत्येकाला. मला या करारातलं सगळ्यात मोठं दुखणं तेच वाटतं.

मालवणी_मिरची | बुधवार, रात्री ११:०२

आये म्हणता, खाडीतल्या दादाचा कोणीतरी बघा रे. हेग लांब असा.

जगबुडीकाठची | गुरुवार, रात्री ९:२०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला @जुनी_पानं आणि @डोलकाठी यांच्याकडून मिळालं. बाईंनी शेरे का वाचून घेतले, ते थायोडायग्लायकॉलचं वाचल्यावर कळलं. आज ऑपरेटरला हलब्जाचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी लिहितो ते तिकडे कोणाच्या तरी जिवाशी जोडलेलं आहे."

@खाडीतला दादा, नाही, बाईंनी खाडी बघितली नाही. त्यांचं काम कुंपणाच्या आत होतं. पण तुमचा प्रश्न माझ्या मानेवर बसलाय. आमचं सांडपाणी प्रक्रियेला जातं, त्याचे आकडे मी रोज बघते आणि ते आकडे बरे असतात. पुढे खाडीत काय पोचतं ते मी एकोणीस वर्षांत एकदाही बघितलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते.

तुम्ही म्हणालात, माणसं चार दिवसांनी येतात. मेलेल्या माशाचं कारण पुष्कळदा पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपणं हे असतं, आणि तो आकडा चार दिवसांनी सांगताच येत नाही. पाणी काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहता भरायचं आणि तिथेच होडीत दोन द्रावणं टाकून प्राणवायू बांधून ठेवायचा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढरा बसला तर नाही. डोळ्यांना दिसतं. ही पद्धत मला येते. बाटल्या आणि द्रावणं मी माझ्या पैशाने घेईन, कारखान्यातलं काही आणणार नाही.

पागोळी | गुरुवार, रात्री ९:४५

नववीच्या चार मुली आणि मी येतो. नोंदवही आमची. वेळ, भरती-ओहोटी, पाण्याचा रंग, सगळं लिहू.

खाडीतला | गुरुवार, रात्री १०:३०

ताई, बाई, या. होडी माझी. रविवारी ओहोटी लागताना निघू, वरचं पाणी तेव्हाच खाली येतं. मुलींना जुने कपडे घालून आणा, गाळ गुडघाभर आहे. शेरे मराठीतच लिहा, म्हणजे मला वाचता येतील.